वेम्बलीचा गोलकीपर आणि मँचेस्टरचे रब्बी



वेम्बलीत राहणाऱ्या माणसाला स्टेडियम विसरता येत नाही. सामन्याच्या दिवशी बसचे मार्ग बदलतात, आणि ईलिंग रोडवर भाजी घ्यायला जायचं तरी वेळ बघून निघावं लागतं. आजचं स्टेडियम २००७ साली उघडलं. त्याआधी त्याच जागी दोन पांढऱ्या मनोऱ्यांचं जुनं स्टेडियम होतं, ते १९२३ सालचं. त्याच वर्षी ऑक्टोबरात जर्मनीच्या ब्रेमेन शहरात बर्नहार्ट ट्राउटमान जन्मला. इंग्रजांच्या तोंडी तो पुढे ‘बर्ट’ झाला.

एरवी इथे मी नौगाव, अलिबाग, पनवेल आणि मुंबईच्या आपल्या घराण्यांविषयी लिहिते. आज एका जर्मन गोलकीपरविषयी लिहिते आहे, कारण त्याच्या हकिकतीत एक प्रश्न आहे. माणसाला त्याच्या स्वतःच्या वागण्यावरून तोलायचं की त्याच्या लोकांवरून? हा प्रश्न आपल्या समाजाच्याही वाट्याला आलेला आहे.

ट्राउटमान लहानपणीच हिटलरच्या मुलांच्या संघटनेत गेला. १९४१ साली सैन्यात भरती झाला आणि पुढे पॅराशूट दलात गेला. रशियाच्या आघाडीवर लढला, आयर्न क्रॉस मिळवला. युक्रेनच्या एका जंगलात ज्यू माणसं, बाया आणि मुलं यांना खड्ड्यापाशी उभं करून गोळ्या घातल्या गेल्या, ते त्याने लपून पाहिलं आणि तिथून पळ काढला. ही गोष्ट त्याने म्हातारपणी आपल्या चरित्रलेखिकेला सांगितली. तेव्हा तो कोवळा होता, अजाण होता असं म्हणून मी पुढे जाणार नाही. तो नाझींच्या शाळेत घडलेला शिपाई होता.

युद्धाच्या शेवटी इंग्रजांनी त्याला पकडलं आणि लँकेशायरमधल्या ॲश्टन-इन-मेकरफील्डच्या कैदी छावणीत ठेवलं. तिथल्या एका सामन्यात दुखापत झाली म्हणून त्याने गोलकीपरशी जागा बदलली. ती जागा त्याला कायमची चिकटली. १९४८ साली सुटका झाली, तरी तो मायदेशी परतला नाही. शेतावर काम केलं, न फुटलेले बॉम्ब निकामी करण्याच्या कामावर राहिला, आणि सेंट हेलेन्स टाउन या छोट्या क्लबाकडून खेळू लागला.

ऑक्टोबर १९४९ मध्ये मँचेस्टर सिटीने त्याला घेतलं आणि शहर पेटलं. मँचेस्टरमध्ये ज्यू वस्ती मोठी, आणि सिटीचे चाहते त्या वस्तीत पुष्कळ. युद्ध संपून जेमतेम चार वर्षं झाली होती. हजारो लोक रस्त्यावर उतरले, कित्येकांनी हंगामाची तिकिटं परत करायची धमकी दिली. संघाचा कॅप्टन एरिक वेस्टवुड स्वतः नॉर्मंडीत लढलेला. त्याने सगळ्यांसमोर सांगून टाकलं की या खोलीत युद्ध चालायचं नाही.

मग मँचेस्टरचे रब्बी अलेक्झांडर आल्टमान यांनी वर्तमानपत्रात पत्र लिहिलं. ते १९३८ साली बर्लिनहून निसटून आलेले. त्यांचे वडील आडोल्फ आल्टमान हे ट्रियरचे मुख्य रब्बी. १९४४ मध्ये ते आउशविट्झमध्ये मारले गेले, आईही गेली. हे दुःख घरात असलेल्या माणसाने लिहिलं की जर्मनांनी आपल्यावर भयंकर अत्याचार केले, पण त्या गुन्ह्यांत ज्याचा हात नाही अशा एका जर्मनाला द्वेषापोटी शिक्षा करू नये. प्रत्येकाचा निवाडा त्याच्या स्वतःच्या गुणदोषांवर व्हावा.

हे पत्र नीट समजून घेऊ या. यात क्षमा नाही. दरफाळणीच्या सणाला आपण उपास धरतो, पण माणसाने माणसाचं केलेलं वाईट नुसत्या उपासाने धुतलं जात नाही, ज्याचं वाईट केलं त्याच्याकडेच माफी मागावी लागते, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं आहे. मेलेल्यांच्या वतीने माफी द्यायचा अधिकार आल्टमान यांना नव्हता आणि त्यांनी तो घेतलाही नाही. त्यांनी फक्त न्याय मागितला. विरोध एका दिवसात मावळला नाही, पण त्या पत्राने शहराचा सूर बदलू लागला.

आता खेळाकडे वळू. २५ नोव्हेंबर १९५३ रोजी हंगेरीने याच वेम्बलीत इंग्लंडला ६-३ असं हरवलं. हंगेरीचा गोलकीपर ग्रोसिच चेंडू उगाच लांब न मारता जवळच्या मोकळ्या गड्याला देत असे. ट्राउटमान लहानपणी हँडबॉल खेळलेला, त्यामुळे हाताने चेंडू लांब आणि नेमका फेकणं त्याला सहज जमे. सिटीचा डॉन रेव्ही मागे येऊन चेंडू घ्यायचा आणि पुढचा डाव रचायचा. त्या डावाची सुरुवात अनेकदा ट्राउटमानच्या हातून होत असे. नुसतं अडवणारा गोलकीपर आता डाव सुरू करणारा झाला होता.

१९५५ साली एफए कपच्या अंतिम सामन्यात सिटी न्यूकॅसलकडून हरली. पुढच्या वर्षी, ५ मे १९५६ रोजी, संघ पुन्हा वेम्बलीत आला. समोर बर्मिंगहॅम सिटी, आणि एक लाख प्रेक्षक. सिटी ३-१ ने पुढे होती. सामना संपायला साधारण सतरा मिनिटं उरली असताना ट्राउटमानने पीटर मर्फीच्या पायांत झेप घेतली आणि मर्फीचा गुडघा त्याच्या मानेवर आदळला. बदली खेळाडू घ्यायचा नियमच नव्हता. तो उठला आणि मान धरून खेळत राहिला. त्यानंतरही त्याने गोल अडवले. कप घ्यायला पायऱ्या चढला तेव्हा मान वाकडी होती, आणि प्रिन्स फिलिपच्याही ते नजरेत आलं.

चौथ्या दिवशी एक्स-रे निघाला. मानेचे पाच मणके सरकले होते, दुसरा मणका दुभंगला होता. माझा सगळा जन्म नर्सिंगमध्ये गेला, म्हणून हे जरा समजावून सांगते. मानेत सात मणके असतात. दुसऱ्या मणक्याला वर एक खुंटी असते, तिच्यावर आपलं डोकं डावी-उजवीकडे वळतं. त्याच्या पोकळीतून मज्जारज्जू खाली जातो. तिथे तो दबला तर हातपाय तर जातातच, श्वासही थांबतो. ट्राउटमानचा तिसरा मणका दुसऱ्यात पाचरीसारखा अडकून बसला आणि तुटलेलं हाड जागेवर राहिलं, म्हणून तो वाचला. आज असा मार लागला तर मान स्थिर करून, खेळाडूला न हलवता उचलतात, आणि स्कॅन होईपर्यंत बसूही देत नाहीत. तरुण वाचकांनी त्याच्या धाडसाचं कौतुक जरूर करावं, अनुकरण मात्र करू नये.

तो कित्येक महिने प्लास्टरमध्ये होता. त्याच उन्हाळ्यात त्याचा पाच वर्षांचा मुलगा जॉन मोटारीखाली येऊन गेला. तरीही ट्राउटमान मैदानावर परतला आणि १९६४ पर्यंत खेळला. सिटीसाठी ५४५ सामने. त्याच्या निरोपाच्या सामन्याला मँचेस्टरमध्ये सत्तेचाळीस हजारांहून जास्त माणसं आली.

पुढे त्याने स्टॉकपोर्ट काउंटीचा कारभार सांभाळला, मग जर्मनीत लहान क्लबांना शिकवलं. १९७२ च्या सुमारास जर्मन फुटबॉल संघटनेने त्याला परदेशी कोच म्हणून पाठवायला सुरुवात केली. आधी ब्रह्मदेश, मग टांझानिया, लायबेरिया, पाकिस्तान, येमेन. १९८८ साली तो निवृत्त झाला आणि स्पेनमध्ये राहिला. ज्या पोराला शिकवलं होतं की काही वंश वरचे आणि काही खालचे, तो आयुष्याची जवळजवळ पंधरा वर्षं ब्रह्मी, आफ्रिकी आणि अरब पोरांना शिकवत होता. २००४ साली त्याला ब्रिटनचा ओबीई किताब मिळाला, ब्रिटिश-जर्मन समजूत वाढवल्याबद्दल. २०१३ च्या जुलैत तो वारला.

आता आपल्या समाजाकडे येते. ट्राउटमानने निरोप घेतला त्याच १९६४ साली, उन्हाळ्यात, आपले लोक जेरुसलेममध्ये आंदोलनाला बसले होते. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य रब्बींनी आदेश काढला होता की बेने इस्राएल माणसाच्या लग्नाआधी त्याच्या आई-आजीपासून वरपर्यंतची चौकशी करावी. मग वधू किंवा वर स्वतः कसा आहे, शब्बाथ पाळतो का, शेमा म्हणतो का, हे मागे पडलं. ‘बेने इस्राएल’ हे नावच संशयाला पुरेसं झालं. ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने जाहीर केलं की बेने इस्राएल सर्वार्थाने ज्यू आहेत, आणि त्यानंतर आदेशातून आपलं नाव निघालं.

या दोन गोष्टी सारख्या नाहीत. ट्राउटमानने जो गणवेश घातला होता त्याचा जाब विचारणं रास्त होतं. आपल्या आजी-पणजींनी तर कोकणात तेलाचे घाणे चालवत शनिवार पाळला होता, त्यांच्याकडून जाब कसला मागायचा? पण मापाची चूक एकच. समोरच्या माणसाकडे न बघता त्याच्या नावाकडे बघायचं. आई-बाप गमावलेल्या एका रब्बीने शत्रूच्या शिपायाला जो न्याय दिला, तो आपल्याच धर्मबांधवांकडून मिळवायला आपल्याला आंदोलन करावं लागलं.

म्हणून नातवंडांना वेम्बली दाखवायला न्याल तेव्हा मोडक्या मानेची गोष्ट सांगाच, मुलांना ती आवडते. पण आल्टमान यांच्या पत्राची गोष्टही सांगा. आणि तिला जोडून १९६४ ची. तेव्हा जेरुसलेमात असलेलं कुणी तुमच्या घरात अजून असेल, तर त्यांच्याच तोंडून ऐकवा.