रुळांवरची बाग

रेल्वे गावात आली की गावाचे दोन भाग पडतात, हे बेळगावकरांना वेगळे सांगायला नको. टिळकवाडीत तर पहिले गेट, दुसरे गेट, तिसरे गेट हे लोकांचे पत्तेच होऊन बसले. न्यूयॉर्क शहरापुढेही एके काळी हाच प्रश्न होता. मात्र तो फार जिवावर बेतणारा होता.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मॅनहॅटन बेटाच्या पश्चिम भागात मालगाड्या थेट रहदारीच्या रस्त्यावरून धावत. त्यांच्याखाली शेकडो माणसे सापडली आणि दहाव्या अव्हेन्यूला लोक ‘मृत्यूचा रस्ता’ म्हणू लागले. यावर उपाय म्हणून रेल्वेने इंजिनापुढे घोडेस्वार नेमले. दिवसा हाती लाल निशाण आणि रात्री कंदील घेऊन ते लोकांना बाजूला सारीत. वाफेच्या इंजिनाची वाट घोड्याने मोकळी करायची, हा यंत्रयुगातला विनोदच म्हणायचा. पण तो १९४१ सालापर्यंत चालला.

खरा इलाज झाला तो १९२९ च्या योजनेने. रूळच रस्त्यावरून उचलून सुमारे तीस फूट उंच पोलादी पुलावर ठेवायचे ठरले. १९३४ साली हा मार्ग सुरू झाला आणि त्या एकूण योजनेमुळे १०५ ठिकाणची रस्त्यावरची फाटके निकालात निघाली. हा पूल रस्त्याच्या डोक्यावरून न नेता इमारतींच्या ओळींमधून नेला होता. काही ठिकाणी तर गाडी सरळ कारखान्याच्या पोटात शिरे. मांस, दूध, भाजीपाला वरच्या मजल्यावरच उतरे आणि खाली कोणाला त्याची दादही लागत नसे.

पुढे मालवाहू ट्रक आले आणि रेल्वेचा धंदा बसला. १९८० साली शेवटची गाडी गेली, ती गोठवलेल्या टर्की पक्ष्यांचे तीन डबे घेऊन. मग वाऱ्याने आणलेली माती आणि पक्ष्यांनी टाकलेले बी यांनी रुळांमध्ये रान माजवले. खालच्या जमीनमालकांना पूल पाडून हवा होता. १९९९ साली जोशुआ डेव्हिड आणि रॉबर्ट हॅमंड हे त्याच भागात राहणारे दोन तरुण वस्तीच्या सभेत प्रथम भेटले आणि पूल वाचवण्यासाठी त्यांनी संस्था काढली. २००१ साली मावळत्या महापौरांनी पाडकामाच्या कागदावर सही केली होती. नव्या महापौरांनी धोरण फिरवले. १९८३ च्या कायद्यानुसार बंद पडलेला रेल्वेमार्ग भविष्यासाठी राखून तोवर पायवाट म्हणून वापरता येतो, त्याचा येथे उपयोग झाला. पॅरिसमध्ये अशा उन्नत मार्गावर १९९३ साली बाग झालेली होतीच. न्यूयॉर्कच्या ‘हाय लाईन’चा पहिला टप्पा २००९ साली खुला झाला.

मुलीकडे न्यू जर्सीला गेलो असता एका ऑक्टोबरात ही बाग मी मनसोक्त हिंडलो. लांबी सुमारे सव्वादोन किलोमीटर; तिकीट नाही. जुने रूळ क्रमांक टाकून उचलले होते. त्यातले पुष्कळसे पुन्हा गवताफुलांत बसवले आहेत. सिमेंटच्या फळ्या टोकाला निमुळत्या केल्यामुळे वाट कुठे संपते आणि वाफा कुठे सुरू होतो, ते कळत नाही. वाळकी बोंडेही मुद्दाम राखलेली. बागेचा माळी पीट औडॉल्फ हा डच गृहस्थ. सुकलेल्या झाडालाही रूप असते, असे मानणारा. एके ठिकाणी पायऱ्यांवर बसून काचेतून खालचा दहावा अव्हेन्यू पाहता येतो. पोरेटोरे तिथे खाऊ खात बसली होती. ज्या रस्त्याला मृत्यूचे नाव होते, त्याकडे असे निवांत पाहताना इतिहासाच्या मास्तराला भरून आले नाही तरच नवल!

पण वाचकहो, हिशेबाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. जमीनमालकांचा विरोध मावळला, तो २००५ साली त्यांना पुलावरच्या जागेतले बांधकामाचे हक्क आसपासच्या भूखंडांवर विकण्याची मुभा मिळाली म्हणून. बाग झाली आणि तिच्या कडेने श्रीमंतांचे मनोरे उठले. भाडी चढली, जुनी दुकाने उठली. शेजारच्या सरकारी चाळींतले कष्टकरी मात्र बागेत कमी आणि परगावचे पाहुणेच जास्त, अशी स्थिती आली. वस्तीसाठी काम करायला निघालो आणि त्यातच कमी पडलो, हे हॅमंड यांनी २०१७ साली उघडपणे मान्य केले. बागेचे रूप कसे हवे, हे विचारण्याआधी तुम्हाला काय हवे, हे लोकांना विचारायला हवे होते, असा त्यांच्या बोलण्याचा आशय.

मला या कबुलीचे मोल बागेइतकेच वाटते. जुनी वास्तू पाडू नका, असे आपण सीमाभागातली माणसे पोटतिडकीने म्हणतो, आणि म्हटलेच पाहिजे. परंतु तेवढ्याने काम पुरे होत नाही. वास्तू वाचली, की तिच्या आसऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली माणसेही तिथे टिकली पाहिजेत. नाहीतर दगड, पोलाद राहते आणि ज्यांच्या आठवणींसाठी ते राखले, तेच गाव सोडून जातात.