औषधोपचार की मनोपचार? : 'ऑशरॉफ विरुद्ध चेस्टनट लॉज' प्रकरणाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

मानसिक आजारावर औषध द्यावे की संवादातून मनोपचार करावा, हा प्रश्न वरवर पाहता केवळ वैद्यकशास्त्राचा वाटतो. तथापि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत हा प्रश्न कायद्याच्या कक्षेत पोहोचला आणि त्यातून रुग्णाच्या अधिकाराचा मुद्दा पुढे आला. या स्थित्यंतरात 'ऑशरॉफ विरुद्ध चेस्टनट लॉज' या प्रकरणाला विशेष महत्त्व आहे. प्रस्तुत लेखात या प्रकरणाची पार्श्वभूमी, त्यातून उद्भवलेला वाद आणि त्याचे ऐतिहासिक महत्त्व यांचा विचार केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील मनोविकारशास्त्रावर फ्रॉइडप्रणीत मनोविश्लेषणाचा प्रभाव होता. मेरीलँड राज्यातील रॉकव्हिल येथील चेस्टनट लॉज हे खासगी रुग्णालय या विचारसरणीचे प्रमुख केंद्र होते. फ्रीडा फ्रॉम-राइशमन यांनी १९३५ पासून तेथे काम केले. तीव्र मनोविकारातील रुग्णांशीही दीर्घकाळ संवाद साधून त्यांना बरे करता येते, ही त्यांची श्रद्धा त्या संस्थेची परंपरा बनली.

याच काळात युरोपात दुसरा प्रवाह उदयास आला. १९५२ मध्ये पॅरिस येथे क्लोरप्रोमाझिनचा मनोविकारांवरील उपयोग प्रसिद्ध झाला, तर १९५७ मध्ये स्वित्झर्लंडमधील रोलंड कून यांनी इमिप्रामिन या औषधाचा नैराश्यावरील परिणाम मांडला. मनोविश्लेषणवाद्यांच्या मते औषधे केवळ लक्षणे दडपतात. औषधवाद्यांच्या मते मनोविश्लेषणास पुराव्याचा आधार नव्हता. दोन्ही प्रवाह एकाच व्यवसायात, परंतु परस्परांकडे पाठ फिरवून वाढत होते.

प्रकरणाचे स्वरूप :

डॉ. राफाएल ऑशरॉफ हे मूत्रपिंडविकारतज्ज्ञ होते. तीव्र नैराश्यामुळे जानेवारी १९७९ मध्ये ते चेस्टनट लॉज येथे दाखल झाले. त्यापूर्वी बाह्यरुग्ण म्हणून त्यांनी नैराश्यावरील औषधे घेतली होती. लॉजमध्ये मात्र त्यांच्या आजाराचे मूळ व्यक्तिमत्त्वदोषात असल्याचे मानले गेले आणि सुमारे सात महिने केवळ मनोविश्लेषणात्मक उपचार चालू राहिले. या काळात त्यांचे वजन सुमारे ४० पौंडांनी घटले, झोप उडाली, अस्वस्थपणे येरझारा घालून पाय सुजले. कुटुंबीयांच्या आग्रहावरून रुग्णालयाने उपचारांचा फेरविचार केला. परंतु औषध दिल्यास मनोपचारात अडथळा येईल, या भूमिकेतून पूर्वीचीच दिशा कायम ठेवण्यात आली.

अखेर कुटुंबीयांनी त्यांना कनेक्टिकटमधील सिल्व्हर हिल या संस्थेत हलविले. तेथे औषधोपचार सुरू होताच काही आठवड्यांत सुधारणा दिसली आणि सुमारे तीन महिन्यांत ते घरी परतले. परंतु दरम्यान वैद्यकीय व्यवसायातील स्थान आणि मुलांचा ताबा त्यांनी गमावला होता. १९८२ मध्ये त्यांनी लॉजविरुद्ध दावा दाखल केला. लवाद मंडळाने त्यांच्या बाजूने कौल दिला. उभय पक्षांनी त्यास आव्हान दिले आणि १९८७ मध्ये न्यायालयाबाहेर तडजोड झाली. परिणामी या प्रकरणातून बंधनकारक असा न्यायनिर्णय निर्माण झाला नाही.

क्लर्मन–स्टोन वाद :

न्यायालयात अनिर्णित राहिलेला प्रश्न १९९० मध्ये 'अमेरिकन जर्नल ऑफ सायकिअॅट्री' या नियतकालिकात चर्चिला गेला. जेराल्ड क्लर्मन यांनी रुग्णास परिणामकारक उपचार मिळण्याचा अधिकार आहे, अशी मांडणी केली. ज्या उपचाराच्या परिणामकारकतेचा पुरावा आहे तो डावलणे आणि पर्यायांची माहिती न देणे त्यांना अमान्य होते. अॅलन स्टोन यांनी त्यास उत्तर देताना इशारा दिला, की एका पंथाचे शास्त्र कायद्याच्या बळावर सर्वांवर लादले जाऊ नये.

या वादाकडे पुष्कळदा 'औषधांचा विजय' म्हणून पाहिले जाते. हे आकलन अपुरे आहे. क्लर्मन स्वतः मनोपचाराचे विरोधक नव्हते. मायर्ना वाइसमन यांच्यासह त्यांनीच नैराश्यासाठी 'आंतरव्यक्तिक मनोपचार' ही पद्धती विकसित केली होती. त्यांचा आक्षेप पुराव्यावाचून चालणाऱ्या आग्रहावर होता.

पुढील संशोधनाचा कौल :

१९७७ मध्ये एरन बेक यांच्या सहकाऱ्यांनी बोधनिक मनोपचाराची तुलना इमिप्रामिनशी केली, तेव्हा मनोपचार सरस ठरला. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २५० रुग्णांवरील राष्ट्रीय पातळीच्या अमेरिकन अभ्यासात सौम्य नैराश्यात उपचारांमध्ये फारसा फरक आढळला नाही. तीव्र नैराश्यात मात्र औषधाचा लाभ अधिक स्पष्ट होता. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, दीर्घकालीन नैराश्यावरील अभ्यासात केवळ औषध आणि केवळ मनोपचार या दोन्ही गटांत ४८ टक्के, तर संयुक्त उपचारांच्या गटात ७३ टक्के रुग्णांना लाभ झाला. यावरून योग्य निवड ही आजाराचे स्वरूप, तीव्रता व कालावधी यांवर अवलंबून असते, असे दिसते.

निष्कर्ष :

चेस्टनट लॉज २००१ मध्ये बंद झाले. तेथील मनोपचार ऑशरॉफ यांच्या बाबतीत निष्फळ ठरला, हा दोषाचा एक भाग होय. कारण कोणताही उपचार एखाद्या रुग्णास लागू पडत नाही, असे घडू शकते. अधिक गंभीर बाब ही, की प्रकृती ढासळत असतानाही उपचार बदलला गेला नाही आणि निर्णय रुग्णाऐवजी संस्थेच्या निष्ठेने घेतला. औषधांवर तितकीच आंधळी निष्ठा ठेवणारी संस्थाही याच दोषास पात्र ठरेल.

भारताच्या संदर्भातही हा धडा उपयुक्त आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार माहितीपूर्ण संमतीसाठी उपचाराचे धोके, लाभ आणि पर्याय रुग्णास समजेल अशा भाषेत सांगणे आवश्यक आहे. ऑशरॉफ यांना १९७९ मध्ये नेमकी हीच गोष्ट मिळाली नव्हती. म्हणून 'औषध की मनोपचार' या प्रश्नाआधी 'पर्याय रुग्णासमोर ठेवले गेले काय' हा प्रश्न विचारणे, हेच या प्रकरणाचे ऐतिहासिक सार म्हणता येईल.