चौरंग, तिवई आणि चैत्रातली आरास

फाल्गुन सरत आला, रंगपंचमीची गेर राजवाड्यावरून रंग उधळीत निघून गेली आणि भिंतींवरचे डाग धुऊन झाले, की इंदूरच्या मराठी घरांतून एक निराळीच लगबग सुरू होते. माळ्यावरच्या पेट्या खाली उतरतात, पितळेची गौर चिंचेने घासली जाते, आणि दिवाणखान्याच्या मध्यभागी असलेल्या त्या बुटक्या मेजावरची वर्तमानपत्रे, चष्म्याची घरे आणि औषधांच्या बाटल्या काही दिवसांपुरत्या हलविल्या जातात. मेजावर मोगऱ्याने भरलेले तबक येते, कडुनिंबाची कोवळी डहाळी येते, एखादी हिरवी कैरी येते. वसंत घरात आल्याची ही खूण. दिसावयास गोष्ट लहान आहे, पण त्या मेजाचा इतिहास अडीचशे वर्षे मागे जातो आणि त्यात इंदूरच्या मराठी समाजाची बरीचशी कहाणी सामावलेली आहे.

अठराव्या शतकात होळकरांच्या मागोमाग जी मराठी कुटुंबे माळव्यात आली, त्यांच्या घरात मेज नव्हते. बैठक जमिनीवर असे. सतरंजी, तीवर पांढरी चादर, मागे लोड, बाजूला तक्क्या, एवढ्यावर दरबारही भागत असे. महेश्वरच्या वाड्यात अहिल्याबाईंची म्हणून जी गादी आजही दाखविली जाते, ती अशीच साधी, पांढऱ्या बिछायतीची आहे. १७६७ पासून १७९५ पर्यंत एका विस्तीर्ण राज्याचा कारभार या पद्धतीच्या बैठकीवरून चालला. जमिनीवर बसणाऱ्या माणसाला उंच मेजाचा उपयोग नसतो. त्याच्या घरात जी वस्तू आदराने उंचावर ठेवावयाची, तिच्यासाठी पाट असे आणि चौरंग असे. चौरंगावर देव बसे, कलश बसे, किंवा मंगलप्रसंगी माणूस बसे. रिकाम्या चौरंगावर सहज काही ठेवून द्यावे अशी रीत नव्हती.

वसंतात हा चौरंग गौरीचा होई. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर पाळण्यात किंवा लहानशा झोपाळ्यावर बसते आणि वैशाख शुद्ध तृतीयेपर्यंत, म्हणजे अक्षय्यतृतीयेपर्यंत, घरची माहेरवाशीण म्हणून राहते. या महिन्यात सोयीचा एक दिवस धरून हळदीकुंकू करावयाचे. चौरंगापुढे पायऱ्यापायऱ्यांची मांडणी होते. तीवर भरजरी वस्त्र, फळे, खेळणी, लाडू-करंज्यांची ताटे आणि कमळासारखे कातरलेले कलिंगड. अंगणात चैत्रांगण रेखले जाते. त्यात गोपद्मे, शंख, कासव, सर्प, तुळशीवृंदावन, हत्ती अशी चिन्हे असतात. आलेल्या सुवासिनींच्या हाताला चंदन लावावयाचे, गुलाबदाणीतून गुलाबपाणी शिंपडावयाचे, ओटीत भिजविलेले हरभरे घालावयाचे आणि वाटीत कैरीची डाळ, पेल्यात पन्हे द्यावयाचे. थंड पेय, ओले हरभरे, चंदन, मोगरा, गुलाबपाणी, या साऱ्या वस्तू उन्हाची काहिली शमविणाऱ्या आहेत. ऋतू आणि आदरातिथ्य यांची अशी सांगड क्वचितच आढळते.

माळव्यात या आरासीला एक शेजारही लाभला. राजस्थानी वळणाच्या घरांतून होळीच्या दुसऱ्या दिवसापासून गणगौरीची पूजा चालते आणि तिचा मुख्य दिवस तोच, चैत्र शुद्ध तृतीया. उत्तरेकडील पंचांगाप्रमाणे चैत्र होळीनंतर लगेच लागतो, मराठी पंचांगाप्रमाणे तो पंधरवड्याने लागतो, पण तृतीया दोघांची एकच. म्हणजे शेजारच्या घरातून गौरीला निरोप दिला जात असता मराठी घरात ती पाळण्यात बसत असते. गणगौरीत गव्हाचे जवारे पेरतात, चैत्रगौरीत कैरी आणि हरभरा. एकाच देवीची ही दोन रूपे एकाच गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या नांदली, आणि या घरची डाळ त्या घरी, त्या घरचा प्रसाद या घरी जात राहिला.

मग मेज आले कोठून? १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर इंदूर ही होळकरांची राजधानी ठरली आणि ब्रिटिश रेसिडेन्सी शहराच्या कडेला उभी राहिली. साहेब खुर्चीवर बसत असे, आणि खुर्चीवर बसणाऱ्याच्या हाताशी पेला ठेवावयास काहीतरी लागते. ते काहीतरी हिंदुस्थानात आधीपासूनच होते. हिंदीत त्याला तिपाई म्हणत, मराठीत तिवई. अर्थ एकच, तीन पायांची घडवंची. इंग्रजांनी हा शब्द उचलला, त्याचा उच्चार आपल्या वळणाचा केला, आणि चहाचे नाव त्यांच्या जिभेवर असल्यामुळे पहिल्या अक्षराशी चहाचा संबंध आहे अशी समजूतही करून घेतली. १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या हॉब्सन-जॉब्सन या अँग्लो-इंडियन शब्दकोशात या गैरसमजाची नोंद आहे. पुढे हाच शब्द साहेबी थाटात परत आला आणि मराठी घरात टीपॉय झाला. तिवईला चौथा पाय फुटला तरी कोणी नाव बदलले नाही. घरचीच मुलगी सासरचे नाव घेऊन माहेरी यावी आणि कोणी तिला ओळखू नये, तसे या शब्दाचे झाले.

हे नवे सामान विकत घेण्याइतका पैसा इंदुरात का होता, याचे उत्तरही एका फुलात आहे. थंडी सरताना माळव्याच्या काळ्या जमिनीत अफूची पांढरी फुले डोलत. माळव्याची अफू परवान्याचे शुल्क भरून मुंबईमार्गे चीनला जाई, आणि एकोणिसाव्या शतकात इंदूरच्या सराफ्याची पत त्या व्यापारावर वाढली. चीनकडे जाणारी ही निर्यात विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात बंद पडली. पण तोपर्यंत कापसाच्या गिरण्या उभ्या राहिल्या होत्या आणि आगगाडीही आली होती. दुसऱ्या तुकोजीरावांनी खांडवा-इंदूर लोहमार्गासाठी १८७० च्या सुमारास ब्रिटिश सरकारला १ कोटी रुपये साडेचार टक्के व्याजाने, १०१ वर्षांच्या मुदतीने कर्जाऊ दिले होते. याच मार्गाने मुंबईचे लाकडी सामान, काचेच्या हंड्या आणि चिनीमातीच्या फुलदाण्या माळव्यात येणे सोपे झाले. १८८६ च्या सुमारास काम सुरू होऊन १९२१ पर्यंत पुरा झालेला लालबाग महाल पाहिला, म्हणजे युरोपीय दिवाणखान्याचे आकर्षण किती खोल गेले होते ते ध्यानात येते.

फुलदाणी ही वस्तू मात्र मराठी घराला सहजासहजी मानवली नाही. याचे कारण नीट समजून घेण्यासारखे आहे. आपल्याकडे फूल देठाशी खुडतात. ते देवाला वाहिले जाते, वेणीत माळले जाते, किंवा पाहुण्याच्या हाती दिले जाते. वास घेतलेले फूल देवाला चालत नाही, इतके त्याचे मालकीहक्क स्पष्ट असतात. लांब दांड्यासकट कापून पाण्यात उभे केलेले फूल या तिघांपैकी कोणाचेच नसते. ते नुसते पाहावयाचे असते. म्हणून कित्येक घरांत टीपॉयवर फुलदाणी आली, तीत कागदाची फुले आली, आणि खरी फुले पूर्वीप्रमाणेच तबकात राहिली. टीपॉयवर क्रोशाने विणलेला रुमालही आला. विणकाम शाळेत शिकलेल्या मुलींची पहिली पिढी त्या रुमालात आपली नावे गुंतवून गेली.

विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात इंदुरात एक दिवाणखाना असा सजला, की त्याच्यासारखा त्या वेळी साऱ्या आशियात विरळा. महाराज दुसरे यशवंतराव होळकर १९२६ साली गादीवर आले. ऑक्सफर्डला असताना त्यांची एकार्ट मुथेसिउस या तरुण जर्मन वास्तुविशारदाशी ओळख झाली, आणि १९३० ते १९३३ या काळात माणिकबाग हा राजवाडा उभा राहिला. त्यात कमानी नव्हत्या, नक्षी नव्हती, सोनेरी मुलामा नव्हता. काच, धातू आणि तुळतुळीत लाकूड यांच्या सरळ रेषा होत्या. वातानुकूलनाची सोय होती. रूलमान, आयलीन ग्रे, ल कोर्ब्युझिए यांच्या हातची आसने आणि मेजे होती, इव्हान द सिल्व्हा ब्रून्सचे गालिचे होते. ब्रांकुशी या शिल्पकाराचे ‘अवकाशातील पक्षी’ हे शिल्प महाराजांनी तीन प्रतींत घेतले, एक पांढऱ्या संगमरवरात, एक काळ्या संगमरवरात, एक कांस्यात. त्यांच्यासाठी ध्यानमंदिर बांधण्याची योजना घेऊन १९३८ च्या आरंभी ब्रांकुशी स्वतः इंदुरात आला, पण मंदिर उभे राहिले नाही.

या घराच्या स्वामिनी महाराणी संयोगिता देवी कागलच्या घाटगे घराण्यातल्या. बर्नार ब्यूते द मोन्व्हेल या फ्रेंच चित्रकाराने या दांपत्याची दोन तऱ्हेची चित्रे रंगविली. काही चित्रांत ती दोघे पाश्चात्य वेषात आहेत, काहींत मराठा वेषात, पांढऱ्या गादीवर. काचेच्या मेजांच्या घरात राहणाऱ्यांनाही आपले चित्र बिछायतीवर काढवून घ्यावेसे वाटले, ही गोष्ट बोलकी आहे. १९३७ साली संयोगिता देवी अगदी तरुण वयात निवर्तल्या. १९४८ साली संस्थान मध्य भारतात विलीन झाले, १९६१ साली यशवंतराव वारले. २५ मे १९८० रोजी माँटे कार्लो येथे माणिकबागेतील सामानाचा लिलाव झाला, आणि ती मेजे, त्या खुर्च्या जगभरच्या संग्राहकांकडे गेल्या. वास्तूत केंद्र सरकारच्या अबकारी व सीमाशुल्क खात्याची कचेरी आली. २०१९ साली पॅरिसमधील शोभाकला संग्रहालयाने या संग्रहाचे मोठे प्रदर्शन भरविले. ते पाहणाऱ्या बहुतेकांनी इंदूर कधी पाहिले नसेल, आणि बहुतेक इंदूरकरांनी ते सामान कधी पाहिले नाही.

याच शहरात सजावटीचा आणखी एक विचार वाढला. १९२७ साली द. दा. देवळालीकरांनी येथे चित्रकलेची शाळा सुरू केली आणि ना. श्री. बेंद्रे, म. फि. हुसेन यांच्यासारखे चित्रकार तेथे शिकले. त्याच परंपरेतले विष्णू चिंचाळकर, इंदूरचे ‘गुरुजी’ (१९१७–२०००), यांनी उत्तरायुष्यात रंग आणि कुंचला बहुतांशी बाजूला ठेवला. वाळलेली पाने, मुळे, शेंगा, काटक्या, दगड यांतून ते आकृत्या शोधीत. वसंत हा मोहराचा ऋतू तसाच पानगळीचाही आहे, आणि माळव्यातल्या रस्त्यांवर या दिवसांत नव्या पालवीइतकीच जुनी पाने दिसतात, हे त्यांच्या कामामुळे अनेकांच्या प्रथमच लक्षात आले. माणिकबागेतले मेज सजविण्यास युरोपातून जहाजे यावी लागली. गुरुजींच्या मेजाला दारातले झाड पुरेसे होते.

आता तबकाकडे पुन्हा वळावे. चैत्रगौरीची आरास सुंदर खरी, पण तिच्या पुढे कोण बसणार हा प्रश्न तिच्यात पहिल्यापासून आहे. हळदीकुंकू सुवासिनींचे. विधवेला त्याचे आमंत्रण नसे. अहिल्याबाईंचे पती खंडेराव १७५४ साली कुंभेरच्या वेढ्यात पडले. त्यानंतरची चार दशके त्यांनी घाट बांधले, विहिरी खणल्या, देवळे उभारली, महेश्वरच्या विणकरांना आश्रय दिला. त्यांचे नाव आज इंदूरच्या विमानतळाला आणि विद्यापीठाला आहे. तरी रूढीप्रमाणे त्यांच्याच राज्यातल्या कोणत्याही घरच्या चैत्रातल्या आरासीपुढे कुंकू घेण्याचा अधिकार त्यांना नव्हता. ज्या प्रजेने त्यांना मातोश्री म्हटले, तिच्या मनाला ही विसंगती बोचली असेल असे म्हणणे कठीण आहे. रूढी बोचत नाही, म्हणूनच ती टिकते.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावाच्या ग्रामपंचायतीने पतीच्या निधनानंतर स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे अशा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि महाराष्ट्र शासनाने इतर ग्रामपंचायतींनीही तो कित्ता गिरवावा असे परिपत्रक काढले. कागदाने मन बदलते असे नाही. पण जेथे दिवाणखाने लहान झाले, पायऱ्यांची आरास मांडावयास जागा उरली नाही आणि गौर चौरंगावरून टीपॉयवर आली, तेथे आमंत्रणाची यादीही घरच्या गृहिणीच्या हाती आली आहे. पूर्वी ती रूढीच्या हाती होती. जागेच्या अडचणीने मिळालेले हे स्वातंत्र्य वापरावयाचे की नाही, हे प्रत्येक घराने ठरवावयाचे आहे.

चौरंगावर देव बसत असे आणि त्याच्यापुढे निवडक माणसे बसत. तिवईभोवती कोणीही बसू शकते. चैत्रात त्या मेजावर मोगऱ्याचे तबक ठेवताना, पन्ह्याचे पेले मांडताना, शेजारच्या ज्या काकूंना इतकी वर्षे वगळले गेले त्यांच्यासाठीही एक पेला मांडला, तर अहिल्याबाईंच्या नगरीत वसंताचे स्वागत अधिक शोभेल. माणिकबागेची मेजे पुन्हा इंदुरात यावयाची नाहीत. काकू मात्र एका हाकेच्या अंतरावर राहतात.