शंभरातली ब्याऐंशी

दोस्तहो, दर ३१ जुलैला आपण शिंदखेड्याहून लळिंगला जातो. १९३७ साली त्या तारखेला बाबासाहेब तिथल्या लांडोर बंगल्यात उतरले होते. धुळ्याच्या कोर्टात खटल्यासाठी आले होते. हे आपल्याला पाठ आहे. पण त्याआधी दहा वर्षं, १२ मार्च १९२७ ला, मुंबईच्या कायदे कौन्सिलात ते शिक्षणावर काय बोलले, ते किती जणांनी वाचलंय? चवदार तळ्याच्या फक्त आठ दिवस आधीचं भाषण आहे ते.

बाबासाहेबांनी हिशोब मांडला. शाळेत शंभर पोरं घातली तर चौथीपर्यंत अठराच पोचतात. ब्याऐंशी पुन्हा अंगठेबहाद्दर. सरकार शिक्षणावर माणशी १४ आणे खर्चतं आणि दारूच्या उत्पन्नातून माणशी दोन रुपयांवर काढतं. म्हणजे बापाच्या बाटलीतून जेवढं घेतलं त्याच्या निम्मंसुद्धा पोराच्या पाटीवर नाही!

ही ब्याऐंशी गेली कुठं? आपल्या खानदेशात कपाशीला वेचायला हात लागतात, गिरणीला लागतात, गावाला येसकर लागायचा. चाळणीतून खाली पडलेलं फुकट जात नाही. ते गोळा करायला खाली कोणीतरी सूप धरून बसलेलं असतं.

ही चाळण जुनी आहे. १८५६ साली धारवाडला एका महार पोरानं सरकारी शाळेत बसू द्या म्हणून अर्ज केला. धारवाड तेव्हा आपल्यासारखंच मुंबई इलाख्यात. सरकारनं अर्ज फेटाळला. एका पोरासाठी बाकीच्यांना कोण दुखावणार? पुढं विलायतेच्या साहेबांनी सरकारी शाळा सर्वांना खुल्या असं ठरवलं. १८८२ च्या हंटर कमिशननं तेच पुन्हा म्हटलं. त्याच कमिशनला जोतिबांनी सुनावलं, की शेतकऱ्याच्या घामाचा पैसा वरच्यांच्या शिक्षणावर जातो, आधी खालच्या शाळा काढा.

दार कागदावर उघडलं. मग चाळण वर्गात आली. साताऱ्याच्या शाळेत भीमरावाचं गोणपाट वेगळं, ते घरून आणायचं, घरी न्यायचं. शिपाई नसला तर पाणी नाही. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात संस्कृत मागितलं तर मिळालं नाही, फारसी घ्यावी लागली. शाळेत घेतलं, पण कुठल्या बाकावर आणि कुठल्या विषयाला, ते जातीनं ठरवलं.

हे इंग्रजाबरोबर गेलं म्हणता? १९५३ साली मद्रासेत राजाजींनी योजना आणली : पोरानं अर्धा दिवस शाळेत बसायचं, उरलेला वेळ बापाचा धंदा शिकायचा. चांभाराच्या पोरानं चामडं, धोब्याच्या पोरानं धुणं. भटाच्या पोरानं काय, ते सांगायची गरजच नव्हती. लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा १९५४ ला ती गुंडाळली.

आमच्या शाळेत अशी योजना कागदावर नव्हती. वर्ग झाडायची पाळी सगळ्यांची होती, पण वस्तीतल्या पोरांची जरा लवकर लवकर यायची. अहिराणी बोललं की सगळा वर्ग हसायचा, मग आम्ही हात वर करणंच सोडलं. बाप ज्याच्या शेतात राबायचा तो म्हणायचा, "शिकीसन काय कलेक्टर व्हशी का रे?"

आज सूतगिरणीच्या गेटवर रात्रपाळीची हजेरी होते. त्या वर्गातली चार नावं ऐकू येतात. पाचवं माझं.