हरित पट्ट्यासाठी पेटलेली गावं

दोन महायुद्धांच्या दरम्यान लंडन भोवतालची गावं गिळत सुटलं होतं. त्याला आवर घालायला, शहराभोवतीची जमीन मोकळी ठेवणारा १९३८चा हरित पट्टा कायदा आला. १९५५मध्ये मंत्री डंकन सँडिस यांनी इतर शहरांभोवतीही असे पट्टे आखायला सांगितलं.

खरी कसोटी पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्या काळात लागली. एसेक्समध्ये टिलिंगहॅम हॉलच्या शेतांवर, थेट हरित पट्ट्यात, सुमारे ५,००० घरांची वसाहत घाटत होती. सरकारने १९८७मध्ये ती फेटाळली. मग पाळी हॅम्पशायरच्या फॉक्सली वूड या नियोजित वसाहतीची. तिथे हरित पट्टा नव्हता, पण रान-शेतं होती. मंत्री निकोलस रिडली मंजुरीकडे झुकले आणि गावकऱ्यांनी त्यांचा पुतळाच जाळला! विरोधकांना स्वार्थी ठरवणाऱ्या याच रिडलींनी स्वतःच्या घराजवळच्या बांधकामाला मात्र हरकत घेतली होती.

घरांची गरज खरी होती. पण गावाचं न ऐकता शेतं पुसणं हा त्यावरचा उपाय नव्हता. रिडलींच्या जागी आलेल्या ख्रिस पॅटन यांनी १९८९मध्ये फॉक्सली वूडची योजना नामंजूर केली.