लग्न काठीचे, मैदान गावाचे

मागच्या साली सहामाही परीक्षा आटोपल्यावर सातवीच्या मुलांना मी सहज एक प्रश्न घातला : आपले सोलापूर कुणी बांधले? मुलांनी भराभर हात वर केले. एकाने बहामनी सुलतानांचे नाव घेतले, कारण किल्ला त्यांच्या काळचा. गिरणीकामगाराच्या नातवाने १८७७ साल सांगून जुन्या गिरणीचे मुरारजी गोकुळदास पुढे केले. एका चुणचुणीत पोराने "नगरपालिकेने" असे उत्तर दिले, आणि तेही अगदीच टाकाऊ नव्हते. सोलापूरची नगरपालिका १८५२ सालची आहे. शेवटच्या बाकावर पूर्वभागातली, घरी तेलुगू बोलणारी एक मुलगी बसते. ती उठून म्हणाली, "सर, आधी कुणीतरी तळं खणलं असणार. पाणीच नसलं तर माणसं राहतील कशाला?"

त्या उत्तरावर मी पुढचे दोन तास खर्च केले. अभ्यासक्रम मागे राहिला.

तळे खणले ते सिद्धरामाने. बाराव्या शतकातली गोष्ट. तेव्हा गावाचे नाव सोन्नलगी, आणि मुलूख आजच्यासारखाच कोरडा, पावसाच्या मर्जीवर जगणारा. बसवेश्वरांच्या काळातला हा शिवयोगी. त्याची वचने कानडीत आहेत, आणि त्याचे चरित्र राघवांक नावाच्या कानडी कवीने पुढच्या शतकात काव्यात लिहिले. संतांची चरित्रे चमत्कारांनी भरलेली असतात, तसे हेही आहे. पण या संताच्या हातात जपमाळेबरोबर कुदळ दिसते. शिष्य जमवावेत, आणि त्यांना समाधी लावायला न बसवता माती उपसायला लावावे, अशी ही साधना. परंपरेतली एक कथा मला फार आवडते. अल्लमप्रभू फिरत फिरत सोन्नलगीला आले, तो इकडे तळ्याचे काम जोरात चाललेले. त्यांनी कामकऱ्यांना खवचटपणे विचारले की तो तुमचा मातीकाम करणारा ओड रामय्या कुठे आहे? शिष्य खवळले, दगड घेऊन धावले. पण सिद्धराम स्वतः आला, आणि त्या टोचणीतून पुढे दोघांचा मोठा संवाद घडला. अल्लमांच्याच संगतीने सिद्धराम कल्याणला बसवेश्वरांच्या मेळ्यात गेला. अल्लमांचे म्हणणे, बाहेर खणतोस तसे आतही खण. अध्यात्मात अल्लम जिंकले असतील; मी मात्र इतिहासाचा मास्तर, मला तळे दिसते.

आणि नुसते तळे नव्हे. परंपरा सांगते की सिद्धरामाने गावाच्या पंचक्रोशीत अडुसष्ट लिंगे स्थापली, आठ दिशांना आठ विनायक आणि आठ भैरव बसवले. भाविकांना यात पुण्य दिसते. मला त्यात एका नगररचनाकाराची आखणी दिसते. गावाची शीव कुठे, वाटा कोणत्या, माणसाने थांबायचे कुठे, हे त्याने भिंत न बांधता ठरवून टाकले. कोट बांधला की आतले आणि बाहेरचे असे दोन भाग होतात. लिंगांचे कडे घातले की फक्त फिरण्याची एक वाट तयार होते, आणि त्या वाटेवर कुणालाही पाय टाकता येतो.

त्यानंतर दोनएकशे वर्षांनी तळ्याच्या काठी खरोखरच कोट उभा राहिला. बहामनींचा भुईकोट. भोवती खंदक, आणि एका अंगाला सिद्धरामाच्या तळ्याचे पाणी. किल्ल्यात फिरताना जुन्या देवळाचे कोरीव अवशेष आजही पाहायला मिळतात. या किल्ल्यासाठी विजापूर आणि अहमदनगर पिढ्यान् पिढ्या भांडले. कधी तो लढाईत गेला, कधी लग्नात. चांदबिबीचे लग्न अली आदिलशहाशी झाले तेव्हा सोलापूर आंदणात दिले गेले. पुढे मोगल, मराठे, आणि १८१८ च्या मे महिन्यात जनरल मन्रोच्या तोफा. राजांच्या या याद्या मुलांना पाठ होतात आणि परीक्षेनंतर विसरतातही. गंमत अशी, की एवढे धनी बदलले तरी तळ्याच्या काठची जत्रा भरतच राहिली.

ही जत्रा म्हणजे गड्डा. परगावच्या वाचकांसाठी थोडे सविस्तर सांगतो. सोलापूरकरांनी हा परिच्छेद फराळाचे ताट पुढे ओढीत वाचला तरी चालेल.

कथा अशी. एक कुंभाराची मुलगी रोज पहाटे सिद्धरामाच्या पर्णकुटीपुढे सडा घाली, रांगोळी काढी. तिच्या मनात आले की याच्याशीच लग्न करावे. योगी म्हणाला, माझे लग्न शिवाशी झाले आहे. तुझा हट्टच असेल तर माझ्या योगदंडाशी कर. काठीशी लग्न लागले. ते लग्न गाव आजतागायत दर संक्रांतीला लावते आहे. योगदंडाचे प्रतीक म्हणून सात नंदीध्वज निघतात : दोन मजली घराएवढ्या उंच काठ्या, सजवलेल्या, एकट्या माणसाने कमरेच्या पट्ट्यात पेलायच्या. पहिला मान हिरेहब्बूंचा. शेवटचे दोन मातंग समाजाच्या मानाचे. मधले आणखी कुणाकुणाचे. पेलणारे आणि मागे चालणारे पांढऱ्या बाराबंदीत. पहिल्या दिवशी अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, म्हणजे आख्ख्या गावाला फेरी. दुसऱ्या दिवशी तळ्याकाठच्या संमती कट्ट्याजवळ अक्षता. संमती वाचली जाते, 'हर्र बोला हर्र'चा गजर होतो, आणि चहूकडून अक्षतांचा पाऊस पडतो. तिसऱ्या दिवशी होम मैदानावर होम : बाजरीच्या पेंढीला शालू नेसवून, मंगळसूत्र घालून ती कुंभारकन्या म्हणून अग्नीला देतात. (या भागापाशी वर्गातल्या मुली नेहमी गप्प होतात. मीही त्यांना काही समजावीत बसत नाही. गावाने ज्या मुलीचे लग्न लावले तिला दुसऱ्याच दिवशी जाळावे, याला माझ्यापाशी उत्तर नाही.) त्याच रात्री दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासराला आणून भाकणूक होते, ते काय खाते, कसे वागते, यावरून येत्या सालचा पाऊस आणि बाजारभाव सांगतात. दुष्काळी मुलखाचे सारे ध्यान शेवटी पावसाकडेच. चौथ्या दिवशी शोभेचे दारूकाम, मग नंदीध्वजांची वस्त्रे उतरवणे, की जत्रा सरली.

आता या साऱ्याला जागा किती लागते पाहा. वाडा, रस्ते, कट्टा, तळे, मैदान. यातली प्रत्येक जागा वर्षाचे तीनशे साठ दिवस दुसऱ्याच कामाची असते. रस्त्यावर भाजीच्या गाड्या, कट्ट्यावर म्हातारे, मैदानात क्रिकेट, सभा, सर्कस. पाच दिवस देव त्या जागा उसन्या घेतो आणि परत करतो. इटलीतल्या सिएना शहरात कांपो नावाचा शिंपल्यासारखा उतरता विटांचा चौक आहे. दर साली २ जुलै आणि १६ ऑगस्टला तिथे सतरांपैकी दहा मोहल्ल्यांच्या वतीने घोड्यांची शर्यत धावते, आणि एरवी लोक त्याच चौकात फरशीवर ऐसपैस लोळत पडलेले असतात. जगभरचे वास्तुविशारद तो चौक पाहायला जातात. आमचे होम मैदान पाहायला कुणी येत नाही, कारण तिथे पाहण्यासारखे काही बांधलेले नाही. त्याची थोरवी नेमकी त्या न बांधण्यात आहे, हे सांगायला जावे तर लोक मास्तरांच्या तब्येतीची चौकशी करतात.

जत्रेची भाषा कोणती, असेही मला एकाने विचारले होते. देव कानडी, पाळण्यावाला हिंदी, बांगड्यांच्या दुकानात तेलुगू, भांडण मराठीत. घरी येताना पिशवीत ऊस, बोरे आणि शेंगाची चटणी.

पण गावाची जागा फक्त उत्सवातच कळते असे नाही. १९३० साली ती निराळ्या रीतीने कळली. ६ एप्रिलला सोलापूरच्या नगरपालिकेने आपल्या इमारतीवर तिरंगा लावला. देशात हे धाडस करणारी ती पहिली. मे महिन्यात गांधीजींना अटक झाली आणि गिरण्यांचे गाव रस्त्यावर आले. ८ मे रोजी रूपाभवानीच्या बाजूला शिंदीची झाडे तोडण्यावरून गोळीबार झाला. शंकर शिवदारे पडले. मग चौक्या पेटल्या, कचेरी पेटली, पोलिसही मारले गेले. तेही इतिहासात लिहिलेच पाहिजे. सरकारी अंमल गावातून उठला आणि काही दिवस स्वयंसेवकांनीच रस्त्यांवर रहदारी सांभाळली. १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारला गेला. तो जूनअखेरपर्यंत राहिला. त्या दिवसांत डोक्यावर गांधी टोपी घालून चौकातून जाणे हासुद्धा गुन्हा होता. रस्ता कुणाचा, हा प्रश्न एरवी किती पोकळ वाटतो! त्या उन्हाळ्यात तो टोपीएवढा स्पष्ट होता.

पोलिसांच्या हत्येचा आरोप ठेवून चौघांना फाशी दिले : मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. दिवस १२ जानेवारी १९३१, जागा येरवड्याचा तुरुंग. तारीख पुन्हा वाचावी. संक्रांत दोन दिवसांवर आलेली होती. आज त्या चौघांचे पुतळे चार हुतात्मा चौकात उभे आहेत, आणि गाव त्या चौकाला जिव्हाळ्याने 'चार पुतळा' म्हणते. एक लिंगायत, एक मारवाडी, एक मराठा, एक मुसलमान. कुणी ठरवून निवडले असते तर इतके नेमके जमले नसते. आणि निवड तर सरकारी वकिलाने केली होती.

पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, भोंगे थांबले, गाव वाढत गेले. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्या वीस शहरांत सोलापूरचा नववा क्रमांक लागला. होम मैदान, तळ्याचा काठ, रंगभवनचा परिसर यांचे रूप पालटायला घेतले गेले. चालायला वाटा झाल्या, दिवे लागले. संध्याकाळी बायका निर्धास्तपणे फिरताना दिसतात, हा मोठाच लाभ. मी कुरकुर करणाऱ्यांपैकी नाही. वारदांचे इंद्रभुवन, जिथे महापालिका बसते, तेही आता पाहावे असे झाले आहे. भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणिसांचे स्मारक आहे. चीनमध्ये जखमी सैनिकांची शुश्रूषा करता करता १९४२ साली वारलेल्या या सोलापूरच्या पोराला भेटायला चिनी पाहुणे तिथवर येतात.

एक खटकलेली गोष्ट मात्र सांगतो. गावातल्या एका नव्याने सजवलेल्या जागी मी मुलांना घेऊन गेलो होतो. जागेचे नाव घेत नाही. मुले डबे उघडून गोल करून बसली, तेवढ्यात शिट्टी वाजली. बसायला मनाई, डबा खायला मनाई, चेंडूला तर मनाई होतीच. "मग इथं करायचं काय?" असे मी विचारले. राखणदार गरीब बिचारा, तो म्हणाला, "बघायचं आणि जायचं." तो नोकरी करीत होता, त्याचा काय दोष? पण आठशे वर्षांपूर्वी कुदळ मारणाऱ्या माणसाने हे ऐकले असते तर त्याला काय वाटले असते, हा विचार परतताना मनातून जाईना. माझी एक साधी सूचना आहे. गावात कमान, तार, पूल, फलक, काहीही उभारायचे झाले की आधी नंदीध्वजाची उंची मोजावी, आणि कुंपण घालायचे झाले की अक्षतांच्या दिवशीची गर्दी मोजावी. ही मापे कुठल्याही कचेरीतल्या नकाशावर सापडायची नाहीत. ती पेलणाऱ्यांच्या कमरेत आणि पायांत आहेत. जाऊन विचारली म्हणजे मिळतील.

त्या शिट्टीनंतर मुलांनी ठरवले की आपण अशा ठिकाणी जायचे जिथून कुणी उठवणार नाही. शेवटच्या बाकावरच्या त्या मुलीने एक वही घातली. दर रविवारी आम्ही अडुसष्टांतली लिंगे शोधीत हिंडतो. एक घराच्या भिंतीच्या कोनाड्यात सापडले. त्या घरच्या आजींनी आम्हांला चहा पाजला आणि आपली हकीकत कानडीत सांगितली, ती एका मुलाने मराठीत करून वहीत उतरवली. एकापुढे दुचाकी लावलेल्या होत्या, त्या मुलांनी मालकाला विनवून हलवायला लावल्या. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत एकेचाळीस झाली आहेत. उरलेली सत्तावीस संक्रांतीच्या आत पुरी करायची आहेत, कारण तैलाभिषेकाची मिरवणूक निघेल तेव्हा पुढचे लिंग कोणत्या वळणावर आहे हे आपल्याला आधी ठाऊक असले पाहिजे, असा त्या मुलीचा आग्रह आहे.