मुखमार्गी रोबोटिक घसाशस्त्रक्रिया : प्रवेशमार्ग
जबडा किंवा मान न चिरता तोंडावाटे टॉन्सिल, जिभेचे मूळ व स्वरयंत्राचा वरचा भाग यांवरील गाठी काढण्याची पद्धत. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात वाइनस्टीन व ओमॅली यांनी ती विकसित केली. अमेरिकेत २००९ मध्ये निवडक गाठींसाठी मान्यता मिळाली. खरी अडचण यंत्राची नाही, जागेची आहे. पुढे आलेले दात, मोठी जीभ, आखूड हनुवटी यांमुळे यंत्रभुजा एकमेकींवर आदळतात. म्हणून जीभ टाक्याने पुढे ओढतात, श्वासासाठीची नळी अनेकदा नाकावाटे घालतात आणि बदलत्या पात्यांच्या एफके रिट्रॅक्टरने तोंड उघडे ठेवतात. जिभेच्या मुळासाठी ३० अंशांची दुर्बीण सोयीची. दा विंची एसपी या रोबोटमध्ये कॅमेरा व तीन उपकरणे एकाच नळीतून जातात. गुटखा-सुपारीने आखडलेल्या जबड्यापुढे मात्र हे उपाय बहुधा थिटे पडतात.